शरीर सावरल्यानंतरचे प्रश्न : पुनर्वसन समुपदेशक कसा घडतो?



रुग्णालयातून घरी जाताना जो कागद हाती मिळतो, त्यावर औषधांच्या वेळा असतात, पथ्य असते, पुढील तपासणीची तारीख असते. अलीकडे बहुधा फिजिओथेरपीची सूचनाही असते. मात्र पक्षाघाताने उजवा हात लुळा पडलेला मनुष्य घरी पोहोचल्यावर पहिल्याच आठवड्यात स्वतःला जे प्रश्न विचारू लागतो, त्यांपैकी एकाचेही उत्तर त्या कागदावर सापडत नाही. मी पुन्हा कामावर जाऊ शकेन का? बँकेत सही कशी करणार? चारचौघांत बोलताना शब्द अडला तर? आणि सर्वांत बोचरा प्रश्न, जो तो बहुधा कोणालाच विचारत नाही : मी आता या घरात ओझे झालो आहे का?

हे प्रश्न औषधाने सुटत नाहीत, आणि वडीलधाऱ्यांच्या 'सगळे ठीक होईल' या आश्वासनानेही सुटत नाहीत. त्यांच्यासाठी रीतसर शिकलेला एक व्यावसायिक असतो. त्याला पुनर्वसन समुपदेशक म्हणतात. आपल्यापैकी अनेकांनी त्याचे नावही ऐकलेले नसेल.

या विषयाला निमित्त झाले एका आजोबांच्या पत्राचे. ते लिहितात : 'माझी नात मानसशास्त्र घेऊन बी.ए. झाली. आता तिला रिहॅबिलिटेशन काउन्सेलिंग शिकायचे आहे. घरातले म्हणतात, नुसत्या गप्पा मारायला पदवी कशाला हवी? डॉक्टर, हे शिक्षण खरेच असते का, आणि त्यात भवितव्य आहे का?' आजोबांना स्वतंत्र उत्तर पाठवता आले असते. पण हा प्रश्न जितका त्यांच्या नातीचा आहे, तितकाच ज्या घरात अंथरुणाला खिळलेले किंवा नुकतेच अपंगत्व आलेले माणूस आहे, अशा प्रत्येक घराचा आहे. म्हणून आज या स्तंभात त्याचाच विचार करू.

नेमके काम कोणते?

एका रुग्णाभोवती अनेक तज्ज्ञ असतात आणि त्यांच्या कामांची सरमिसळ होते. प्रथम ती सोडवून घेऊ. मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवीधर असतो. तो मानसिक आजाराचे निदान करतो व औषधे देतो. फिजिओथेरपिस्ट स्नायूंची ताकद व हालचाल परत मिळवून देण्यासाठी झटतो. ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजेच व्यवसायोपचारतज्ज्ञ, शर्टाची बटणे लावणे, घास तोंडाशी नेणे, मोरीपर्यंत जाणे अशी रोजची कामे नव्याने शिकवतो. वाचोपचारतज्ज्ञ बोलणे व गिळणे यांकडे पाहतो.

पुनर्वसन समुपदेशक या सर्वांच्या मध्ये उभा असतो आणि रुग्णाला विचारतो : तुम्हाला पुढे कसे जगायचे आहे? मग त्या उत्तराच्या दिशेने वाट शोधायला तो मदत करतो. अपंगत्वाने आलेले दुःख, राग व भीती यांना वाट करून देणे, उरलेल्या क्षमतांचा अंदाज घेणे, नोकरी वा व्यवसायाचा विचार करणे, सवलती व कायदेशीर हक्क यांची माहिती देणे, घरच्यांशी बोलणे आणि गरजेप्रमाणे योग्य तज्ज्ञाकडे पाठवणे, ही सर्व त्याचीच कामे होत.

यातील पहिले काम सर्वांत दुर्लक्षित राहते. पक्षाघात झालेल्या रुग्णांपैकी सुमारे एक तृतीयांश रुग्णांना पुढे नैराश्य येते, हे जगभरच्या अनेक अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसून आले आहे. असा रुग्ण व्यायाम टाळतो, जेवण कमी करतो, औषध घेण्याची टाळाटाळ करतो. घरचे म्हणतात, 'हट्टी झालेत.' हा हट्ट नसून आजाराचाच एक भाग आहे, हे ओळखणारे प्रशिक्षित डोळे वेळीच लाभले, तर फिजिओथेरपीवर होणारा खर्चही वाया जात नाही.

या विद्येचा उगम

पुनर्वसन समुपदेशन हे विद्यापीठात शिकवण्याचे शास्त्र म्हणून प्रथम अमेरिकेत उभे राहिले. पहिल्या महायुद्धानंतर जायबंदी सैनिक घरी परतले आणि त्यांना पुन्हा कामाला कसे लावायचे हा प्रश्न देशापुढे आला. १९२० साली तेथे सैनिकांखेरीज सामान्य अपंग नागरिकांनाही व्यावसायिक पुनर्वसनाची सोय देणारा कायदा झाला. मात्र हे काम करणारे अधिकारी निरनिराळ्या शाखांतून आलेले असत. त्यांचे स्वतंत्र शिक्षण नव्हते. १९५४च्या कायद्याने विद्यापीठांना पुनर्वसन समुपदेशक घडवण्यासाठी शासकीय अनुदान मिळू लागले आणि पदव्युत्तर अभ्यासक्रम वेगाने वाढले. त्या काळी व्यावसायिक पुनर्वसन कार्यालयाच्या प्रमुख असलेल्या मेरी स्विट्झर यांचा या घडामोडीत मोठा वाटा होता. १९७४ साली समुपदेशकांची परीक्षा घेऊन त्यांना प्रमाणित करणारी संस्था तेथे स्थापन झाली.

आपल्याकडची परंपराही जुनी आहे. जायबंदी सैनिकांना हस्तकौशल्ये शिकवण्यासाठी १९१७ साली मुंबईत सुरू झालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट पुढे पुण्याजवळ खडकीला आली. १९३६ साली मुंबईत समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण देणारी संस्था निघाली. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९४६ साली देशातील पहिल्या वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली. १९५५ साली हाजी अली येथे अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था उभी राहिली. अपंग उमेदवारांच्या क्षमता पारखून त्यांना रोजगाराकडे नेणारी शासकीय व्यावसायिक पुनर्वसन केंद्रे १९६८ साली मुंबई व हैदराबाद येथून सुरू झाली. थोडक्यात, आजोबांची नात जी वाट धरू पाहते आहे, तिचे कित्येक टप्पे मुंबई-पुण्यातूनच गेलेले आहेत.

दोन वर्षांत शिकवतात तरी काय?

'नुसत्या गप्पा' या आक्षेपाचे उत्तर अभ्यासक्रमातच आहे. अमेरिकेत पुनर्वसन समुपदेशनाची पदव्युत्तर पदवी साधारणतः दोन ते तीन वर्षांची असते आणि तिला प्रायः ६० श्रेयांकांचा अभ्यास असतो. आपल्याकडील समकक्ष अभ्यासक्रमांची नावे वेगळी असली, तरी गाभा बराचसा सारखा आहे. तो पाच भागांत सांगता येईल.

पहिला भाग वैद्यकीय. विद्यार्थी डॉक्टर होत नाही. परंतु मज्जारज्जूला इजा झाली, मधुमेहाने पाय गमवावा लागला, दृष्टी गेली, कंपवात जडला किंवा स्मृतिभ्रंश सुरू झाला, तर शरीराचे काय होते, आजार स्थिर राहतो की वाढत जातो, आणि त्यानुसार माणसाच्या दैनंदिन क्षमतांत काय फरक पडतो, हे त्याला समजून घ्यावे लागते. वाढत जाणाऱ्या आजाराच्या रुग्णापुढे 'सहा महिन्यांत पूर्ववत व्हाल' अशी आशा ठेवणे ही क्रूरता ठरते.

दुसरा भाग मानसशास्त्राचा. अपंगत्व आल्यावर माणूस धक्का, नकार, राग, खिन्नता अशा अवस्थांतून जाऊ शकतो. मात्र प्रत्येक जण त्याच क्रमाने जातो असे नाही, आणि काही जण तर काही अवस्था अनुभवतच नाहीत. म्हणून ठोकळेबाज अंदाज न बांधता ऐकावे कसे, याचे शिक्षण दिले जाते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी समुपदेशकाच्या अंगी तीन गोष्टी असाव्यात असे मांडले : समोरच्याचे जग त्याच्या नजरेने पाहणारी सहानुभूती, अटी न घालता केलेला स्वीकार आणि स्वतःचा प्रामाणिकपणा. ऐकायला सोप्या वाटणाऱ्या या गोष्टी अंगी बाणवण्यासाठी कित्येक महिने जातात.

तिसरा भाग मूल्यमापन व व्यवसाय यांचा. बुद्धिमत्ता, स्मरण, कल व आवड यांच्या चाचण्या कशा वापराव्यात. एखाद्या कामाचे लहान लहान भाग पाडून त्यातील कोणते जमेल, कोणत्यासाठी साधन लागेल आणि कोणते दुसऱ्याकडे द्यावे लागेल, हे कसे ठरवावे, याचा त्यात समावेश असतो. शिवणयंत्राचा पायटा चालवता येत नसेल तर मोटर बसवता येते. पण हे सुचण्यासाठी काम बारकाईने पाहावे लागते.

चौथा भाग कायदा व नीती यांचा. रुग्णाने सांगितलेले त्याच्या संमतीखेरीज कोणाला सांगू नये, अगदी बिल भरणाऱ्या मुलालाही. आणि जीव धोक्यात असेल तेव्हा या नियमाला अपवाद कसा व कितपत करावा, हे येथे शिकवले जाते.

पाचवा भाग प्रत्यक्ष कामाचा, आणि माझ्या मते तोच सर्वांत मोलाचा. अमेरिकेतील मानांकित अभ्यासक्रमांत १०० तासांचे प्राथमिक प्रात्यक्षिक व त्यानंतर ६०० तासांची उमेदवारी करावी लागते. आपल्याकडे समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना दोन्ही वर्षे नियमित क्षेत्रकार्य असते आणि प्रत्येक भेटीनंतर सविस्तर नोंद लिहून पर्यवेक्षकाला दाखवावी लागते. त्या नोंदीवर जी चर्चा होते, तिच्यातूनच समुपदेशक घडतो.

हे कसे घडते ते पाहण्याची संधी मला एकदा मिळाली. ओळख पटू नये एवढ्यापुरते तपशील बदलून सांगतो. माझ्याकडे येणाऱ्या पासष्टीच्या एका बाईंचा पाय मधुमेहामुळे गुडघ्याखाली काढावा लागला होता. कृत्रिम पाय उत्तम बसला होता, चालण्याचा सरावही झाला होता. तरी तो पाय कपाटात पडून असे. क्षेत्रकार्यासाठी आलेली एक विद्यार्थिनी त्यांच्या घरी गेली. पहिल्या भेटीत तिने पाय वापरण्याचे फायदे समजावून सांगितले. नोंद वाचून पर्यवेक्षिकांनी एकच प्रश्न विचारला : 'भेट चाळीस मिनिटांची होती, त्यांतली किती मिनिटे तू बोललीस आणि किती त्या बोलल्या?' दुसऱ्या भेटीत विद्यार्थिनीने सल्ला दिला नाही. पूर्वी त्यांचा आठवडा कसा जात असे, एवढेच तिने विचारले. तेव्हा कळले की दर मंगळवारी त्या भजनी मंडळात जात असत. तेथे सगळ्या बायका सतरंजीवर बसत. 'सगळ्या खाली आणि मी देवापुढे खुर्चीत? ते कसे दिसेल?' म्हणून त्यांनी जाणे सोडले, आणि कोठे जायचेच नाही तर पाय लावायचा कशाला, असा सरळ हिशेब झाला. पुढे त्यांच्या संमतीने मंडळाच्या प्रमुख बाईंशी बोलणे झाले. गुडघेदुखीने बेजार असलेल्या आणखी तिघी-चौघींना खुर्ची हवीच होती. संकोचापोटी कोणी बोलत नव्हते इतकेच. खुर्च्या मांडल्या गेल्या, आणि कपाटातला पाय बाहेर आला.

चाळीस मिनिटांतली आपली मिनिटे मोजायला लावणारे हे शिक्षण 'नुसत्या गप्पां'चे आहे का, हे वाचकांनीच ठरवावे.

भारतात कोणती वाट धरावी?

आपल्याकडे 'पुनर्वसन समुपदेशन' या नेमक्या नावाची पदव्युत्तर पदवी सरसकट सगळीकडे आढळत नाही. इच्छुकांसाठी मुख्यतः दोन वाटा आहेत.

पहिली वाट मानसशास्त्राची. मानसशास्त्रात एम.ए. वा एम.एस्सी. करून पुढे पुनर्वसन मानसशास्त्राचे विशेष प्रशिक्षण घ्यायचे. हे शिक्षण भारतीय पुनर्वसन परिषदेने मान्य केलेल्या संस्थेतच घ्यावे लागते. सिकंदराबाद येथील बौद्धिक दिव्यांगजन सक्षमीकरणाची राष्ट्रीय संस्था ही या क्षेत्रातील महत्त्वाची संस्था होय. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमांनी एम.फिल. ही पदवी बंद करण्याचे धोरण स्वीकारल्यापासून या क्षेत्रातील अभ्यासक्रमांची नावे व रचना बदलत आहेत. त्यामुळे शुल्क भरण्यापूर्वी त्या वर्षाची मान्यता परिषदेच्या संकेतस्थळावरील यादीत स्वतः पाहावी. संस्थेच्या माहितीपत्रकावर विसंबू नये.

दुसरी वाट समाजकार्याची. एम.एस.डब्ल्यू. करताना वैद्यकीय व मनोचिकित्सा समाजकार्य अथवा दिव्यांगत्व या विषयांकडे वळता येते. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्था व निर्मला निकेतन, पुण्यात १९६३ साली स्थापन झालेली कर्वे समाज सेवा संस्था, अशी समाजकार्य-शिक्षणाची नामांकित ठिकाणे आपल्या राज्यातच आहेत. या वाटेने जाणाऱ्यांना शासकीय रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक म्हणून कामाची संधी असते. याखेरीज पुनर्वसन केंद्रे, विशेष शाळा, व्यसनमुक्ती केंद्रे, स्वयंसेवी संस्था आणि मोठ्या खासगी रुग्णालयांतील पुनर्वसन विभाग येथेही अशा व्यक्तींची गरज असते.

भवितव्याचे म्हणाल, तर स्पष्टच सांगतो : या व्यवसायात झटपट श्रीमंती नाही. प्रारंभीचे वेतन बेताचे असते आणि मनावर ताण मोठा असतो. मात्र गरज वाढतीच आहे. वृद्धांची संख्या वाढते आहे, आणि पूर्वी जे अपघात व आजार जीवघेणे ठरत त्यांतून आज माणसे वाचत आहेत. वाचलेल्या माणसाला पुढे जगवणारे हात अपुरे आहेत. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार पूर्वीच्या ७ वरून २१ केले. त्यात कंपवात, मल्टिपल स्क्लेरोसिस, सिकल सेल यांसारखे आजारही आले. आजोबा, आपल्या नातीला माणसांचे ऐकण्याची मनापासून ओढ असेल, अपयश पचवण्याची ताकद असेल आणि प्रत्येकाला लगेच सल्ला देण्याचा मोह आवरता येत असेल, तर तिला जरूर पाठवा.

समुपदेशक खरा की नावाचा?

आता घरात रुग्ण असलेल्या वाचकांसाठी महत्त्वाची गोष्ट. शनिवार-रविवारचा वर्ग करून दारावर 'समुपदेशक' अशी पाटी लावणारे आज कमी नाहीत. म्हणून थोडी माहिती हाताशी असू द्या.

भारतीय पुनर्वसन परिषद ही १९८६ साली नोंदणीकृत संस्था म्हणून सुरू झाली, १९९२ साली तिचा कायदा झाला आणि १९९३ पासून ती वैधानिक संस्था म्हणून काम करू लागली. पुनर्वसन क्षेत्रातील व्यावसायिकांची केंद्रीय नोंदवही ती ठेवते. पुनर्वसन मानसतज्ज्ञ, चिकित्सा मानसतज्ज्ञ, वाचा व श्रवणतज्ज्ञ, विशेष शिक्षक, कृत्रिम अवयवतज्ज्ञ, पुनर्वसन समुपदेशक हे सर्व त्या कायद्याच्या कक्षेत येतात. नोंदणीकृत व्यक्तीला सी.आर.आर. क्रमांक मिळतो आणि नोंदणीचे ठरावीक काळाने नूतनीकरण करावे लागते. हा क्रमांक विचारण्यात काहीही संकोच बाळगू नका. माझ्यासारख्या डॉक्टरला जसा वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो, तसाच हा. समाजकार्याची पदवी असलेल्या समुपदेशकाकडे हा क्रमांक असेलच असे नाही. त्याच्या बाबतीत विद्यापीठाची पदवी व रुग्णालयातील अनुभव पाहावा. २०२१ साली संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी जो स्वतंत्र कायदा झाला, त्याच्या सूचीत वैद्यकीय समाजसेवक व विविध प्रकारचे आरोग्य समुपदेशक यांचाही अंतर्भाव आहे.

कागदाखेरीज वागण्यावरूनही पारख होते. चांगला समुपदेशक प्रथम रुग्णाशी बोलतो, रुग्णाच्या देखत त्याच्याविषयी इतरांना विचारत बसत नाही. तो बरे होण्याची हमी देत नाही, डॉक्टरांचे औषध बंद करायला सांगत नाही, आणि आपल्या आवाक्याबाहेरची गोष्ट दिसली की पुढे पाठवतो. जो पहिल्याच भेटीत पंचवीस बैठकांचे पैसे आगाऊ मागतो, त्याच्यापासून दूर राहावे.

राजीनाम्यापूर्वी थांबा

प्रशिक्षित माणसाने काय फरक पडतो, याचे आणखी एक उदाहरण देतो, कारण त्यातील माहिती पुष्कळ घरांना उपयोगी पडेल. शासकीय कार्यालयात लिपिक असलेल्या चोपन्न वर्षांच्या एका गृहस्थांना पक्षाघात झाला. वाचा शाबूत राहिली, पण उजव्या हाताने लिहिणे संपले. घरच्यांनी मायेपोटीच ठरवले : आता दगदग नको, राजीनामा देऊन टाका. अर्ज लिहून तयार होता. रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकांनी गृहस्थांना बाजूला बसवून विचारले, 'तुमची स्वतःची इच्छा काय आहे?' आजारी पडल्यापासून हा प्रश्न त्यांना कोणी विचारलाच नव्हता. त्यांना कामावर जायचे होते; धाकटी मुलगी अजून शिकत होती.

मग त्यांना कायदा समजावून सांगितला गेला. २०१६च्या कायद्याच्या विसाव्या कलमानुसार, सेवेत असताना दिव्यांगत्व आले या कारणाने शासकीय आस्थापनेला कर्मचाऱ्यास काढून टाकता येत नाही किंवा खालच्या पदावर आणता येत नाही. जुने काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीच्या दुसऱ्या योग्य पदावर त्याला नेमावे लागते. तसे पद नसेल तर ते मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य पदावर ठेवता येते. अर्ज फाडला गेला. त्यांनी डाव्या हाताने संगणकावर टंकन शिकून घेतले आणि काही महिन्यांनी आवक-जावक शाखेत ते रुजू झाले. खासगी नोकरीत हे संरक्षण याच स्वरूपात मिळत नाही, हेही ध्यानात ठेवावे. परंतु तेथेही घाईने राजीनामा देण्यापूर्वी रजा, विमा व पर्यायी काम यांची चौकशी करणे हिताचेच.

बँकेच्या सहीचा प्रश्नही असाच सुटतो. सही करता न येणाऱ्या आजारी वा वृद्ध खातेदाराला अंगठ्याचा ठसा देऊन, आणि तोही शक्य नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसा देऊन, साक्षीदारांच्या समक्ष पैसे काढता यावेत, अशा रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत. दोन साक्षीदारांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. घरातील रुग्ण उठू शकत नसेल तर शाखेत जाऊन याविषयी अवश्य बोला.

सुश्रूषा करणाऱ्यांसाठी

पुनर्वसन समुपदेशकाचे दार रुग्णाइतकेच सुश्रूषा करणाऱ्यासाठीही उघडे असते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. पतीची सेवा करणारी साठीची पत्नी, नोकरी सांभाळून सासूबाईंचे सर्व करणारी सून, रात्री तीनदा उठणारा मुलगा, यांची झोप मोडते, कंबर धरते, चिडचिड होते आणि मग त्या चिडचिडीचीही खंत वाटते. ही खंत मनात साठवू नका, बोलून टाका. कामांची वाटणी, आठवड्यातून काही तास सुटका आणि स्वतःची रक्तदाब-साखरेची तपासणी, या तीन गोष्टी ठरवून करा.

आता प्रत्यक्ष कोठे जावे? रुग्णालयातून घरी सोडण्यापूर्वीच 'येथे समाजसेवा विभाग किंवा पुनर्वसन समुपदेशक आहे का?' असे विचारा. शासकीय रुग्णालयांत ही सेवा बहुधा असते; विचारले जात नाही म्हणून ती मिळत नाही. अनेक जिल्ह्यांत जिल्हा दिव्यांग पुनर्वसन केंद्र असते. त्याचा पत्ता जिल्हा रुग्णालयात वा जिल्हा परिषदेत मिळतो. मुंबईत हाजी अलीची संस्था, वाणी व श्रवणदोषांसाठी वांद्र्याची अली यावर जंग संस्था, विदर्भासाठी नागपूरचे संमिश्र प्रादेशिक केंद्र, ही केंद्र शासनाची ठिकाणे आहेत. मन फार खचले असेल तर 'टेलिमानस'चा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि तेथे मराठीत बोलता येते. ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. रुग्ण जीव देण्याची भाषा करू लागला, तर मात्र कोणत्याही दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा आणि त्याला एकटे सोडू नका.

समुपदेशक भेटेपर्यंत एक काम आपण आजच करू शकता. घरातील रुग्णाजवळ निवांत बसा, दूरचित्रवाणी बंद ठेवा, आणि विचारा : 'तुम्हाला सगळ्यांत जास्त काय करावेसे वाटते आहे?' उत्तर यायला वेळ लागेल. वाचेवर परिणाम झाला असेल तर आणखी वेळ लागेल. मधेच वाक्य पूर्ण करून देऊ नका. जे उत्तर येईल ते एका कागदावर लिहा आणि पुढच्या तपासणीला येताना तो कागद फाइलमध्ये, औषधांच्या चिठ्ठीच्या वर, लावून आणा. आम्हा डॉक्टरांनाही त्याची गरज असते.